पाटी जिन्याच्या पायथ्याशी हवी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे चित्रकलेचे सर. मे महिन्याच्या सुट्टीत ते कुर्ला स्टेशनालगतच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि रंगाचे डबे धरायला आम्ही तीन-चार मुलं असायचो. एकदा एका दुकानाची पाटी रंगवून झाली. सरांनी आम्हाला रस्त्याच्या पलीकडे नेलं, क्षणभर पाटीकडे बघायला लावलं आणि मग पाठमोरं उभं करून विचारलं, काय वाचलंत? मालकाचं नाव सगळ्यांनी सांगितलं. दुकानात काय मिळतं ते एकालाही सांगता आलं नाही. सरांनी मुकाट्याने शिडी पुन्हा लावली, ‘वह्या-पुस्तके’ हे शब्द मोठे केले आणि मालकाचं नाव लहान करून कोपऱ्यात नेलं. मालक दोन दिवस सरांशी बोलत नव्हता.

पुढे मी जे काम शिकले त्याला आज डिझाइन म्हणतात. पण त्यातला पहिला धडा मला त्या शिडीखाली मिळाला. म्हणून कार्यकर्त्यांनी बोलावल्यावर विषय मीच मागून घेतला: ऑनलाइन दुकानातलं वस्तूचं पान, म्हणजे प्रॉडक्ट पेज, नव्याने कसं मांडावं. एका ज्येष्ठ सदस्यांना शंका आली की हा व्याख्यानाचा विषय आहे का. शंका रास्त आहे. पण आज या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या घरी गेल्या महिन्यात एखादं तरी पुठ्ठ्याचं खोकं आलं असेल. ते खोकं येण्याआधी आपण एक पान वाचलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवून पैसे मोजले होते. ज्या पानावर घराघरातला पैसा हलतो, त्याविषयी बोलायला हवं.

सुरुवात आपल्या स्टेशनापासून करते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्यालाच आली. तेव्हापासून हे दोन मार्गांचं जंक्शन माणसांना गोंधळात टाकत आलेलं आहे. नवखा माणूस कुर्ल्याला उतरतो. त्याला वाशीला जायचं असतं. गर्दी त्याला पुलावर चढवते, आणि हार्बरचा फलाट मागे राहिला हे त्याला वर गेल्यावर कळतं. पाटी असते. नीट, मोठ्या अक्षरांत असते. फक्त जिथे निर्णय घ्यायचा तिथे नसते. जिन्याच्या पायथ्याशी जी माहिती उपयोगी, ती जिना चढल्यावर दिली तर तिला माहिती म्हणायचं की टोमणा?

वस्तूच्या पानाचं निम्मं दुखणं एवढंच आहे. माहिती पानावर असते, पण जिना चढून गेल्यावर भेटते.

आता एक खरं दुकान घेऊ. नाव सांगत नाही. कुर्ल्यातलं जुनं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, मालक कोल्हापूरकडचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. करोनाच्या टाळेबंदीत शटर खाली गेलं तेव्हा सूनबाईंनी खटपट करून ऑनलाइन विक्री सुरू केली. ऑर्डरी येऊ लागल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ परत येणारी खोकीही. जाण्याचा खर्च दुकानाचा, येण्याचा खर्चही दुकानाचा. शिवाय चप्पल परत आली की पट्ट्यावर घडी पडलेली, तळ मळलेला. ती नवी म्हणून विकायची कशी? काका मला म्हणाले, “पोरी, गल्ल्यावर बसून चाळीस वर्षं चपला विकल्या, एवढ्या परत आल्या नाहीत. या पानात खोट काय आहे ते बघ.”

मी पान बघायच्या आधी काकांना बघितलं. दोन दिवस नुसती दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले आणि गिऱ्हाईक काय विचारतं, कोणत्या क्रमाने विचारतं, ते वहीत लिहीत गेले. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी किमतीचा. दुसरा, माझ्या मापाची आहे का. मग, चावेल का. मग, करकर वाजते का, कारण कुणाला वाजणारी हवी असते आणि कुणाला ऑफिसात वाजलेली चालत नाही. मग, पावसात चालेल का. आणि अगदी शेवटी, पैसे देता देता, खरी कोल्हापूरची ना?

मग पान उघडलं. सर्वांत वर घराण्याची परंपरा सांगणारा परिच्छेद. त्याखाली सात फोटो, सातही एकाच बाजूने. मग ‘अस्सल चामडे, उत्कृष्ट दर्जा’. मापाचा तक्ता एका बारीक अक्षरांच्या दुव्यामागे दडलेला. डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पायरीवर. चावण्याबद्दल, करकरीबद्दल आणि पावसाबद्दल अवाक्षर नाही. काकांकडे या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ होती. पानाने त्यांना दुकानाबाहेर उभं केलं होतं.

आता कबुली. पहिल्या फेरीत मीही चुकले. मला वाटलं आधी फोटो सुधारावेत. पांढऱ्याशुभ्र पडद्यापुढे, चांगल्या उजेडात, झकास फोटो काढून घेतले. त्या उजेडात चामड्याचा गडद तपकिरी रंग मधासारखा फिका दिसू लागला. लोकांनी मधाच्या रंगाची चप्पल मागवली, त्यांना तपकिरी मिळाली आणि खोकी जास्तच परत आली. पाटी सुंदर झाली होती, पण त्यावरून दुकानात काय मिळतं ते कळत नव्हतं. दुसऱ्यांदा आम्ही दुकानाच्या दारात, सकाळच्या उजेडात, कुणीतरी पायात घातलेल्या चपलेचे फोटो काढले. एक वरून, एक बाजूने, एक तळाचा, एक वेणीचा आणि शिवणीचा अगदी जवळून. हात लावता येत नसेल तर डोळ्याला निदान चामड्याच्या जवळ जाऊ द्यावं.

मापाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण खोकी परत येण्याचं सर्वांत मोठं कारण तेच होतं. आपण सहज म्हणतो, सात नंबर. कुणाचा सात? इंग्लंडच्या पद्धतीत एका नंबराचा फरक इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपात सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आसपास, आणि तिकडचे आकडे चाळिशीत जातात. अमेरिकेचा सात आणि इंग्लंडचा सात यांतही फरक. आणि यातलं एकही माप आपल्या पायांवरून निघालेलं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. त्यात आपले पाय सर्वसाधारणपणे जास्त रुंद निघाले. म्हणून भारतीय पायासाठी ‘भ’ नावाची मापपद्धत सुचवली गेली. आपला पाय परक्या नंबरात कोंबून आपण चप्पल चावते म्हणत आलो.

काका गिऱ्हाइकाला नंबर विचारतच नसत. ते पायाकडे बघत. पान पायाकडे बघू शकत नाही, पण पाय मोजायला सांगू शकतं. आम्ही नंबरांचा तक्ता काढून टाकला आणि चार ओळी लिहिल्या: संध्याकाळी मोजा, कारण दिवसभर चालून पाय थोडा सुजतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा. सर्वांत पुढच्या बोटापाशी खूण करा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा निघेल तो धरा. त्याखाली काकांचं वाक्य तसंच ठेवलं: पट्टा वापराने रुंदीला सैल होतो, तळ लांबीला वाढत नाही, म्हणून पट्टा थोडा घट्ट चालेल, टाच बाहेर आलेली चालणार नाही. हे वाक्य कार्टच्या बटणाच्या वर बसवलं, खाली नाही. पाटी जिन्याच्या पायथ्याशी.

आता पावसाची गोष्ट. माझ्या लेखी आजचं व्याख्यान एवढ्यासाठीच आहे.

कुर्ल्याला पाऊस समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मिठी नदी आपल्या घरांत शिरली. पण साध्या पावसातही कोल्हापुरी चपलेची दैना होते. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा कुठेही नाही. यामुळेच ती उन्हाळ्यात पायाला थंड लागते आणि यामुळेच पाणी लागलं की फुगते. जूनमध्ये कुणी नवी जोडी घ्यायला आलं तर काका सरळ सांगत, “आत्ता नको. गणपतीनंतर या.” मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि पानावर लिहायचं ठरवलं: पावसात वापरू नका; भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात नको.

सूनबाई हरकत घेत म्हणाल्या, “ताई, हे लिहिलं तर चार महिने कोण घेणार?” प्रश्न खरा होता. गल्ल्यावरचे काका एका गिऱ्हाइकाला परत पाठवतात तेव्हा त्यांना माहीत असतं की ते गिऱ्हाईक उद्या पुलावर भेटणार आहे. भिजून फुगलेली चप्पल घेऊन ते दुकानात आलं तर चार लोकांसमोर बोलेल. आणि आज परत पाठवलं तर दिवाळीला घरातल्या चौघांना घेऊन येईल. दुकानदाराचा प्रामाणिकपणा त्याच्या मनात असतो तितकाच त्याच्या गल्लीतही असतो. पानाला गल्ली नाही. नागपूरच्या किंवा न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाची आणि काकांची पुलावर गाठ पडणार नाही. उद्या भेटायचंच नसेल तर आज खरं का सांगावं, हा मोह प्रत्येक ऑनलाइन दुकानापुढे असतो. पान नव्याने मांडायचं म्हणजे माझ्या मते एकच काम असतं: उद्या पुलावर भेटणाऱ्या माणसाला जे सांगितलं असतं ते न भेटणाऱ्यालाही सांगायचं. रंग, अक्षरं, बटणांची जागा हे सगळं त्यानंतर.

काकांनी निकाल दिला, “लिही.” त्या पावसाळ्यात विक्री खरोखरच मंदावली. हे मी लपवत नाही.

मोहाचा दुसरा प्रकार बाहेरून आला. विक्री वाढवून देणारे एक सल्लागार दुकानात आले. त्यांनी सुचवलं, पानावर ‘फक्त २ जोड शिल्लक’ असं लाल अक्षरांत टाका, खाली उलट मोजणारं घड्याळ लावा. काकांनी मागच्या फळीकडे बघितलं आणि ते म्हणाले, “पण माल तर भरपूर आहे.” सल्लागार हसले. काका हसले नाहीत.

अशा युक्त्यांना २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या इंग्रज डिझायनरने ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. मी त्यांना मांडणीतली फसवणूक म्हणते. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नावानिशी मोजले. खोटी घाई करणं हा त्यातला एक. न मागितलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप बिलात घालणं, आधी एक किंमत दाखवून पायरीपायरीने वाढवत नेणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा पायऱ्या ठेवणं, हेही त्यात आहेत. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला संमती मानायचं नाही असं ठरवलं आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देणं बंधनकारक केलं. पाकीटबंद मालाची किंमत, वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता पडद्यावर दाखवायचा नियम १ जानेवारी २०१८ पासून आहे. कायदा सांगतो तेवढं केलं तरी निम्मं पान सुधारतं.

या कायद्यामागे आपल्याकडच्या माणसांनी खपून केलेलं काम आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. शेजारपाजारच्या घरांचा एक संघ, महिन्याची एकत्र मागणी, कुणाच्या तरी दिवाणखान्यात वाटप. वस्तू काय, वजन किती, किंमत किती, हे आधी कळल्याशिवाय मागणी नोंदवायची नाही ही शिस्त त्या संघांतल्या गृहिणींनी पाळली. त्यांच्या मागणीच्या यादीला कुणी प्रॉडक्ट पेज म्हटलं नाही, पण कामाने ती तीच होती.

किमतीबद्दल आम्ही एवढंच केलं: पिनकोडची चौकट शेवटच्या पायरीवरून उचलून किमतीशेजारी आणली. सहा आकडे टाकले की डिलिव्हरीसकट एकूण रक्कम आणि पोचण्याचा दिवस तिथेच दिसतो. ४०००७० टाका किंवा ४०००२४, कुर्ल्याच्या दोन्ही अंगांना उत्तर मिळतं. या सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात एकाच नावाची गावं अनेक आणि पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा अनेक, म्हणून पत्रं भलतीकडे जात. वेलणकरांनी कुणाला भाषा बदलायला सांगितली नाही. कोणत्याही लिपीतल्या पत्त्याखाली चालेल असा आकडा दिला. अडचण वापरणाऱ्याच्या अंगावर न टाकता मांडणीने सोसायची, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे. मोठ्या ऑनलाइन दुकानांत मराठी यावी म्हणून २०२० मध्ये आंदोलनं झाली आणि २०२१ मध्ये ती आली. आली म्हणजे बटणांवर आली. वस्तूचं वर्णन मात्र बरेचदा यंत्राने केलेलं भाषांतर असतं, आणि ते वाचून चप्पल घ्यावी की चप्पल हाणावी असा प्रश्न पडतो. आमच्या पानावर आम्ही दुकानातलेच शब्द ठेवले: अंगठा, पट्टा, कान, वेणी, तळ, वादी. ‘सोल’ लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण कान या शब्दाला पर्याय नाही.

शब्द आले की अक्षरं आली. देवनागरीत मात्रा वर जाते, उकार खाली येतो. इंग्रजीच्या बेताने ओळी जवळजवळ बसवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मोबाइलच्या पडद्यावर ‘द्ध’ आणि ‘ध्द’ सारखेच दिसू लागतात. या प्रश्नावर आयुष्य घालवणारा माणूस आपल्याच तालुक्यात शिकवत होता. पवई कुर्ला तालुक्यात येते. तिथल्या आयआयटीतलं औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ चं, आणि तिथे र. कृ. जोशी सुलेखन आणि अक्षररचना शिकवत. संगणकावर वर्षानुवर्षं आपण ज्या ‘मंगल’ अक्षरांत मराठी वाचली ती त्यांची. त्यांच्यानंतरच्या पिढीने मुंबईत ‘मुक्त’सारखे फॉन्ट केले आणि सर्वांना फुकट वापरायला दिले. आम्ही तोच घेतला, अक्षर दोन घरं मोठं केलं आणि ओळी सुट्या केल्या. काकांनी चष्मा न लावता पान वाचलं. ती आमची चाचणी.

चाचणीवरून सांगते. मोठ्या कंपन्या एकाच पानाची दोन रूपं हजारो लोकांना दाखवून जास्त विक्री कशावर झाली ते मोजतात. लहान दुकानाला ते परवडत नाही आणि शक्यही नाही. महिन्याच्या थोड्याशा ऑर्डरींवरून काढलेला फरक योगायोग असू शकतो. पण जेकब निल्सन या अभ्यासकाने २००० मध्ये दाखवून दिलं की पाच माणसांना पान वापरताना शेजारी बसून नुसतं बघितलं, तरी बहुतेक अडचणी सापडतात. आम्ही पाच माणसं बसवली. शेजारच्या केमिस्टचा मुलगा, शाळेतल्या एक निवृत्त बाई, एक रिक्षाचालक आणि माझ्या दोन मावश्या. मदत करायची नाही, फक्त बघायचं. हे फार अवघड असतं, हात शिवशिवतात. बाईंनी पिनकोडच्या चौकटीत मोबाइल क्रमांक टाकला. रिक्षावाल्या भाऊंनी फोटो मोठा करायला दोन बोटांनी ताणला आणि पान निघून गेलं. मावशीने विचारलं, “आवडली नाही तर परत कशी करायची, ते घेण्याआधीच सांग ना.” आम्ही ते घेण्याआधीच सांगू लागलो.

राहिला शेवटचा प्रश्न: खरी कोल्हापूरची ना? जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या कंपनीच्या फॅशन शोत पुरुष ज्या चपला घालून चालले त्या बघून अख्ख्या महाराष्ट्राने ओळखल्या. कोल्हापूरचं नाव मात्र कुठेही नव्हतं. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं. त्यावर आपण रागावलो, आणि रागावलो ते योग्यच. पण तेव्हा मी आमचं जुनं पान पुन्हा उघडून बघितलं. त्यावर ‘अस्सल’ हा शब्द चार वेळा होता. गावाचं नाव, कारागिराचं नाव एकदाही नव्हतं. जे प्राडाने केलं ते आम्ही कुर्ल्यात बसून करत होतो.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार, अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. आपलं चर्मोद्योग महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आता जोडाला क्यूआर कोड देऊ लागलं आहे: फोनने टिपला की कोणी, कुठे, कशापासून केली ते कळतं. म्हणजे वस्तूच स्वतःचं पान सोबत घेऊन फिरणार. आम्ही पानावर ‘अस्सल’ हा शब्द खोडला आणि त्या जागी कारागिराचं नाव, त्याचं गाव आणि एका जोडीला लागलेले दिवस लिहिले, अर्थात त्याला विचारून. त्याने एकच अट घातली, फोटो कामाचा घ्या, माझा नको.

एवढं केल्यावर काय झालं? विक्री गगनाला भिडली असं सांगणारे वक्ते तुम्हाला दुसरीकडे भेटतील. आमच्याकडे परत येणारी खोकी कमी झाली आणि फोन बदलले. पूर्वी फोन यायचे ते भांडायला: माप चुकलं, रंग चुकला, पैसे कधी मिळणार. आता विचारतात, तेल कोणतं लावायचं? धाकट्यासाठी छोटी जोडी मिळेल का? सूनबाईंनी एक वही ठेवली आहे. एकच प्रश्न तीनदा आला की त्याचं उत्तर पानावर जातं. आणि मागच्या गणपतीनंतरच्या आठवड्यात काही ऑर्डरी अशा आल्या की निरोपाच्या जागेत लोकांनी लिहिलं होतं, पाऊस संपायची वाट बघत होतो. सूनबाईंनी त्यांतला एक निरोप काकांना मोठ्याने वाचून दाखवला. काका पुड्यांना दोरी बांधत होते. म्हणाले, “बघ, आला ना परत.” जणू तो माणूस पुलावरूनच आला होता.

पान कधी पुरं होत नाही, ते त्या वहीमुळे कळलं. व्याख्यानही होत नाही. आता प्रश्नोत्तरं आहेत. तुमच्यातला जो पहिला प्रश्न येईल, त्याचं उत्तर मी पाऊण तासापूर्वीच द्यायला हवं होतं असं समजेन, आणि पुढच्या खेपेला ती पाटी जिन्याच्या पायथ्याशी लावीन.